सोमवारी सगळ्यांनी उभं राहायचं

कवठवाडीच्या शाळेला शिपाई नव्हता. असणार तरी कुठून? दोन खोल्या, पुढं एक पडवी, पहिली ते सातवीची मिळून पन्नास-साठ पोरं आणि दोन गुरुजी. त्यातले धाकटे गुरुजी लहान पोरं सांभाळायचे आणि कुणी मोठ्यानं बोललं तरी दचकायचे. शाळा चालायची ती ज्ञानदेव गुरुजींवर. ते न्हावऱ्याहून एसटीनं यायचे, आणि त्या एसटीचा भरवसा कुणी द्यावा! कधी टायर बसायचं, तर कधी ड्रायव्हरच चहाला बसायचा. म्हणून शाळेची किल्ली सातवीतल्या एका पोराकडं असायची. त्यानं सकाळी दार उघडायचं, झाडलोट करायची, रांजण भरायचा आणि गुरुजी येईपर्यंत पोरांना पाढे म्हणायला बसवायचं. गावात या किल्लीला फार मान. ज्याच्या घरी किल्ली, त्याची आई पाणवठ्यावर चार शब्द जास्तच बोलायची.

मोठा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, त्या वर्षी किल्ली अंजनाकडं आली.

अंजना म्हाळूची थोरली. म्हाळू भीमेपलीकडं, दौंडच्या बाजूला रेल्वेत गँगमन होता. सकाळी होडीनं पार जायचा, दिवसभर रुळाखाली खडी ठोकायचा, दिवे लागायला परत यायचा. त्याच्या आज्यानं खंडोबाला नवस बोलून मागितलेला नातू, म्हणून नाव म्हाळू. पुढं सगळ्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला, देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, नवससायास बंद केले. नाव तेवढं मागं राहिलं. गावात कुणी त्यावरून चिडवलं तर म्हाळू म्हणायचा, "नाव आज्यानं ठिवलंय, डोकं माझं मी ठिवलंय."

तर अशा घरात शाळेची किल्ली गेली आणि गावात कुजबुज सुरू झाली. झाडलोटीचं कुणाला काही नव्हतं, ते तर हवंच होतं. दुखणं होतं रांजणाचं. पहिल्या दिवशी अंजनानं रांजण भरला आणि दुपारच्या सुट्टीत बघते तर चार-दोन पोरं घरून तांब्या घेऊन आलेली. अंजनाचं तोंड एवढंसं झालं. ज्ञानदेव गुरुजींनी ते पाहिलं. ते पडवीत आले, सगळ्यांच्या देखत तिला म्हणाले, "अंजना, पाणी दे बाळ." तिनं रांजणातून गडवा भरून दिला. गुरुजी घटाघटा प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "गोड आहे. आणखी दे." दुसऱ्या दिवशी एकही तांब्या शाळेत आला नाही.

त्या दिवसापासून अंजनाला गुरुजी म्हणजे सर्वस्व झाले. ते म्हणतील ते खरं, ते सांगतील तसं. आणि गुरुजी एक गोष्ट पुनःपुन्हा सांगायचे. वर्गात काही मोडलं, हरवलं, सांडलं की छडी टेबलावर ठेवून म्हणायचे, "ज्यानं केलं त्यानं उभं राहावं. उभं राहणाऱ्याला मी कधी मारत नाही. बसून राहणाऱ्याला मात्र सोडत नाही." आणि खरंच नाही मारायचे. अंजना एकदा दौत फोडून उभी राहिली होती, तर गुरुजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. त्या हाताची ऊब तिला घरी जाईपर्यंत पुरली.

सातवीत सातच जणं. त्यात अंजनाची जिवाभावाची जाई. जाई धनगरवाड्यातली. तिचा आजा गेणबा पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचा. आता विहिरीवरची शेती होती, मेंढरं नावापुरती राहिली होती. जाई तोंडाळ, हसरी, अभ्यासात बरी. दोघी एका बसकरावर बसायच्या, एकीची भाकरी दुसरी खायची. बाकीच्यांत सरपंच शंकररावांचा सर्जेराव आणि त्याच्या मागं मागं फिरणारी चार पोरं. भांडायची सगळी, पण बाहेरच्यानं एकाला बोट लावलं तर सातही अंगावर जायची. एवढीशी शाळा, तिथं फुटून चालतं कुणाला?

त्याच वर्षी शिरूरला मुलींचं नवं वसतिगृह निघालं. आसपासच्या प्रत्येक शाळेतून एकच मुलगी घ्यायची, आणि ती कोणती ते शाळेच्या गुरुजींनी सांगायचं, असं ठरलं. राहणं, जेवण, हायस्कूल, सगळं तिथंच. एरवी सातवीनंतर कवठवाडीच्या पोरीला वाटा दोनच, एक बोहल्याची आणि दुसरी खुरप्याची. गुरुजी मुद्दाम वाट वाकडी करून म्हाळूच्या दारात आले. म्हणाले, "म्हाळूराव, अंजनाचं नाव मी देतोय. मुलाखतीला मीच घेऊन जाईन." म्हाळू त्या रात्री जेवताना उगाचच हसत होता. अंजनाची आई ताईबाई म्हणाली, "आवं, भाकरी खावा की, हसून प्वाट भरतंय व्हय?"

जाईला कळलं तेव्हा तिनं अंजनाला मिठीच मारली. "अंजे, तू मास्तरीण हो. मी तुझ्या शाळंत शिपाईण हुते. घंटा देत बसंन."

आता ऐका, घडलं कसं ते.

पंचायत समितीकडून शाळेला एक रेडिओ मिळाला होता. गुरुजींच्या टेबलावर, त्यांच्या बायकोनं विणलेल्या रुमालाखाली तो असायचा. आठवड्यातून एकदा त्यावर शाळांसाठीचा पाठ लागायचा आणि पोरं श्वास रोखून ऐकायची. पाठ संपला की गुरुजी बटण बंद करायचे. रेडिओवर गाणीही असतात, हे पोरांना ठाऊक होतं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

त्या रविवारी मोठी माणसं बाजाराला गेलेली. जाई दुपारी अंजनाच्या दारात आली. मागं सर्जेराव आणि सगळी फौज.

"अंजे, किल्ली घे की. एकच गाणं ऐकू."

"न्हाई बाई. गुरुजींना न इचारता न्हाई."

"गुरुजी कुठं नगं म्हणत्यात? शाळा आपलीच हाय, रेडिओबी आपलाच. अगं, एक गाणं. तू काय उद्या शिरूरला जाशील, मग कोण उघडतंय आमाला?"

जाईनं हे असं म्हटलं आणि अंजना विरघळली. मैत्रीण मागतीये, ती काय सोन्याची चेन मागतीये? तिनं किल्ली घेतली. कुलूप उघडलं, पण आत गेली नाही. ती दारातच उभी राहिली, कुणी येतंय का बघत.

आत गाणं लागलं. एकाची दोन झाली, दोनाची तीन. खरखर यायला लागली म्हणून सर्जेरावानं रेडिओ उचलून खिडकीत ठेवला आणि काटा फिरवला. त्याला क्रिकेट ऐकायचं होतं. जाई म्हणाली, "माझं गाणं हुतं, फिरीव माघारी." तो म्हणाला, "आलीय मोठी." तिनं एकीकडून धरला, त्यानं दुसरीकडून. अंजना दारातून ओरडली, "अरं ठिवा खाली, ठिवा!" तोवर रेडिओ दोघांच्याही हातून निसटला तो खिडकीतून बाहेर, थेट पायरीच्या दगडावर. आवाज असा झाला की पिंपळावरचे कावळे उडाले.

पोरं बाहेर धावली. पेटी फुटलेली, तारा लोंबतायत, काटा कुठंतरी उडालेला. सर्जेराव, जो गावात कुणाला भीत नव्हता, तो मटकन खाली बसून रडायला लागला.

तेव्हा जाईनंच तोड काढली. "हे बघा, एकानं कबूल केलं तर त्येची सालटी निघत्याल. सातीच्या साती उभं राहिलो तर गुरुजी कुणाकुणाला मारणार? आन् उभं राहणाऱ्याला त्ये मारीतच न्हाईत. सोमवारी सगळ्यांनी उभं राहायचं. एकदम."

सगळ्यांना पटलं. पण सर्जेरावाला धीर निघेना. म्हणाला, "आन् कोण बसून राहिलं तर?"

शाळेमागं माळावर बिरोबाचं ठाणं होतं. जाई पळत गेली आणि ओंजळीतून भंडारा घेऊन आली, देवापुढची हळद. धनगरवाड्यातच काय, साऱ्या गावात भंडारा उचलून घेतलेल्या आणेला मोल होतं. बांधाची भांडणं त्यावर मिटायची, मोडलेल्या सोयरिकी जुळायच्या. भंडारा उचलून जो शब्द फिरवील त्याचं वाटोळं होतं, असं लेकरंसुद्धा बोलायची. एकेकानं चिमूट उचलली, कपाळाला लावली आणि म्हटलं, "सोमवारी उभा राहीन."

अंजनाची पाळी आली. तिनं हात मागं घेतला.

"आमच्यात न्हाई उचलत. आप्पानं सोडलंय ते सगळं. मी शब्द देते. उभी राहीन म्हंजी राहीन."

सर्जेराव कुरकुरला. पण जाई म्हणाली, "तिचा शब्द म्हंजी झालंच. अंजी कवा खोटं बोललीय का?" आणि तिनं उरलेला भंडारा स्वतःच्या कपाळाला फासला. अंजनाला त्या क्षणी जाईचा इतका अभिमान वाटला की रेडिओचं दुःखसुद्धा हलकं झालं.

सोमवारी सकाळी तिनं दार उघडलं, झाडलं, रांजण भरला. फुटका रेडिओ टेबलावर रुमालाखाली तसाच ठेवला होता, लपवायचा नाही असं ठरलं होतं. एसटी आज वेळेवर आली. पडवीतून तिला दिसलं, गुरुजी उतरले, थांब्यावर सरपंच शंकरराव आणि जाईचा आजा गेणबा उभे होते. तिघं बोलत बोलत माळापर्यंत आले. गुरुजी मान हलवत होते. मग ते दोघं वळले आणि गुरुजी एकटे शाळेकडं आले. अंजनाला त्यात काही वावगं वाटलं नाही. गावची मोठी माणसं गुरुजींशी बोलायचीच की.

प्रार्थना झाली. गुरुजी वर्गात आले, रुमाल उचलला, बराच वेळ रेडिओकडं बघत राहिले. मग छडी टेबलावर ठेवली.

"ज्यानं केलं त्यानं उभं राहावं."

अंजना उभी राहिली. झटकन. म्हटलेलंच होतं ना, एकदम.

मागून पाय सरकल्याचा आवाज येईल, बसकरं हलतील, म्हणून तिनं कान दिला. काहीच हललं नाही. तिनं वळून पाहिलं. सर्जेराव पुस्तकात नाक खुपसून. त्याची चार पोरं त्याच्याकडं बघत. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. आणि जाई? जाई शेजारीच होती, हातभर अंतरावर. ती नखानं भुईचं शेण उकरत होती. अंजनानं पायाच्या अंगठ्यानं तिला हळूच ढोसलं. जाईनं पाय आखडून घेतला.

"आणखी कोणी?" गुरुजींनी विचारलं.

कुणी नाही.

"अंजना, तू एकटीच?"

आता नावं सांगणं तिच्या हातात होतं. सहाची सहा घडाघडा म्हणून दाखवली असती. पण तिला वाटलं, राहतील. आत्ता राहतील. घाबरलीत, एवढंच. आपण नाव घेतलं तर मग त्यांनी स्वतःहून उभं राहण्यात काय उरलं? म्हणून ती म्हणाली, "दार मी उघडलं, गुरुजी." आणि वाट बघत राहिली.

गुरुजींनी मारलं नाही. हात पुढं केला. "किल्ली दे."

तिनं दिली. गुरुजींनी वर्गावर नजर फिरवली आणि म्हणाले, "जाई, आजपासून किल्ली तुझ्याकडं."

जाई उठली. हो, आता मात्र उठली! पुढं गेली, किल्ली घेतली आणि खाली मान घालून जागेवर येऊन बसली. हातभर अंतरावरच.

संध्याकाळी विहिरीच्या बांधावर अंजनानं तिला गाठलं. जाई पळणार होती, पण अंजनानं हात धरला.

"का गं? का केलंस असं?"

"माझ्यावर रागावू नगंस, अंजे." जाईला हुंदका आला. "काल रातच्याला मी आबाला सगळं सांगितलं. म्हणलं, भंडारा उचललाय, उभं राहावं लागंल. तर आबानं इचारलं, कुणी कुणी उचलला? मी सांगितलं. म्हणला, म्हाळूच्या पोरीनं? म्हणलं, न्हाई, तिनं नुसता शब्द दिला. तर आबा म्हणला, मग सुटलीस. गटानं आण घ्यायची तर सगळ्यांचं हात भंडाऱ्यावर लागत्यात. एकाचा जरी ऱ्हायला तरी आण बांधली जात न्हाई. देव ती धरीत न्हाई. मग आबा उठला, सरपंचाकडं गेला, बाकीच्यांच्या घरीबी सांगून आला."

अंजना म्हणाली, "म्हंजी माझ्यामुळं तुमची शपथ सुटली."

"तसंच की," जाई म्हणाली. तिच्या आवाजात सुटकाच होती, दुसरं काही नाही. तिचा आजा खोटं बोलणारा नव्हता, देव तिच्यावर कोपणार नव्हता, मग आणखी काय हवं?

"जाई, मी तर भंडारा उचललाच न्हाई," अंजना म्हणाली. "मला कुठला बिरोबा धरणार हुता? मग मी का उभी राहिले?"

अंजनानं तिचा हात सोडला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारीला आपल्या हातात केस आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

घरी ताईबाईनं रडून गोंधळ घातला. किल्ली गेली ही बातमी अंजनाच्या आधी घरी पोचली होती. म्हाळू कामावरून आला, हातपाय धुतले, पोरीला समोर बसवलं.

"रेडिओ तू पाडलास?"

"न्हाई, आप्पा."

"मग?"

तिनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. किल्ली घेऊन दार उघडलं ही चूकही लपवली नाही. म्हाळू म्हणाला, "उद्या खाडा करतो. गुरुजींना जाऊन सांगू. त्यांस्नी ठावं न्हाई म्हणून असं झालं. त्यो माणूस तसला न्हाई."

अंजनाला एकदम मोकळं वाटलं. खरंच की! गुरुजींना कुठं माहीत होतं? त्यांनी बघितलं ते एवढंच, की एकटी अंजना उभी आहे. खरं कळलं की ते पुन्हा छडी टेबलावर ठेवतील आणि सगळ्यांना उठवतील. किल्लीचं तिला आता काही नव्हतं. पण मुलाखत गुरुवारवर आली होती. गुरुजींच्या मनात किंतु राहिला तर शिरूर हातचं जाणार, एवढीच तिला भीती. अंथरुणावर पडल्या पडल्या ती गुरुजींना सांगायचे शब्द जुळवत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी बापलेक पडवीत उभे राहिले. गुरुजी आले. म्हाळूला बघून जरा थबकले, मग आत घेऊन गेले, खुर्ची पुढं केली. म्हाळू बसला नाही.

"गुरुजी, पोर दार उघडून चुकली. त्येची शिक्षा करा, माझं काय म्हणणं न्हाई. पण तिनं रेडिओला हात लावला न्हाई. आत सगळी पोरं व्हती. सरपंचाचा सर्जेराव आन् जाई, त्यांच्या वढाताणीत पडला."

"मला ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले.

म्हाळूला नीट ऐकू आलं नसावं. "काय म्हणलात?"

"मला सगळं ठाऊक आहे, म्हाळूराव. काल सकाळीच शंकरराव आणि गेणबा थांब्यावर भेटले. त्यांनी काही लपवलं नाही." गुरुजींचा आवाज मऊ होता, समजूत काढताना असतो तसा. "अंजना, बाळ, मी तुला चोर समजतो असं मनात आणू नकोस. या शाळेत तुझ्याइतकं खरं पोर नाही. पण मला पंचायत समितीला कळवावं लागतं. एक नाव द्यावं लागतं. सात नावं दिली तर सात घरं माझ्या अंगावर येतात. सरपंचांच्या मुलाचं नाव दिलं तर नवीन खोलीचा ठराव होईल का? शाळा मोडेल हो. एका नावानं सगळं निभावतं."

"आन् त्ये एक नाव आमचंच," म्हाळू म्हणाला.

"तुम्ही समजूतदार आहात म्हणून बोलतोय. तुम्ही भांडत येणार नाही, मला माहीत आहे."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर फाशी देणारा वर संन्याशाची तारीफही करत होता! अंजना गुरुजींच्या तोंडाकडं बघत होती. याच तोंडानं त्यांनी तिच्या हातचं पाणी मागून घेतलं होतं. त्या दिवशी ते खरे होते की आज, तिला समजेना.

"गुरुजी," ती म्हणाली, "गुरवारी शिरूरला..."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आता ज्या मुलीच्या नावावर रेडिओ गेला, तिला मी कुठल्या तोंडानं पुढं करू? शंकररावांच्या शाळा समितीनं जाईचं नाव सुचवलंय. मी काल पाठवलं." मग घाईनं म्हणाले, "पण तू निराश होऊ नकोस. पुढच्या वर्षी बघू काहीतरी."

पुढच्या वर्षी! सातवी पास झालेल्या पोरीला कवठवाडीत पुढचं वर्ष कुठलं? हे गुरुजींना सांगायला हवं होतं का?

म्हाळूच्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. रुळाखालची खडी ठोकणारे हात ते. पण तो हात उचलणारा माणूस नव्हता. त्यानं फक्त विचारलं, "एक सांगा मला. तुम्हास्नी थांब्यावरच सगळं कळलं व्हतं. मग वर्गात येऊन इचारलं कशापायी? ज्यानं केलं त्यानं उभं राहा, म्हणून?"

गुरुजी टेबलावरचा रुमाल सारखा करत राहिले.

बापाला उत्तर मिळालं नाही, पण अंजनाला मिळालं. गुरुजींना एक नाव हवं होतं. सहा पोरं उभी राहणार नाहीत, हे त्यांना थांब्यावरच सांगितलं गेलं होतं. आणि सातवी कोण, ती काय करील, हे सांगायला सरपंच लागत नव्हता की गेणबा. ते गुरुजींना चांगलं माहीत होतं. त्यांनीच तर शिकवलं होतं तिला.

"आप्पा, चला," ती म्हणाली. "गुरुजींना ठावं हुतं, मी एकटीच उभी राहीन. म्हणूनच इचारलं त्यांनी."

"अंजना!" गुरुजी खुर्चीतून उठले. "असं नाही, बाळ, ऐक तरी..."

ती थांबली नाही. पडवीत पोरं जमली होती. जाई दारापाशी झाडू घेऊन उभी होती. अंजना तिच्या अंगावरून गेली आणि माळाला लागली. मग मात्र तिला रडू आवरलं नाही. म्हाळू मागून आला, पण जवळ गेला नाही. चार पावलं अंतर ठेवून तोही चालत राहिला, आणि त्याचाही पंचा डोळ्यांना लागत होता.

गुरुवारी जाई शिरूरला गेली आणि तिची निवडही झाली. पोरगी वाईट नव्हती. एसटीत बसताना ती अंजनाच्या वस्तीकडं बघत होती असं बघणारे सांगतात. पण बघून काय होतं?

अंजना पुन्हा त्या शाळेत गेली नाही. म्हाळूनं तिला होडीतून पार नेलं, दौंडला आपल्या बहिणीकडं ठेवलं. कुशाबाई रेल्वेच्या चाळीजवळ राहायची, भाजी विकायची. तिनं कुरकुर न करता पोरीला घेतलं आणि जवळच्या शाळेत घातलं. मोठी शाळा, सातवीच्याच दोन तुकड्या, एकेका वर्गात पन्नास-पन्नास पोरं. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. अंजनाला ते बरंच वाटलं.

तिथल्या बाई तरुण होत्या, प्रेमळ होत्या. एक दिवस मधल्या सुट्टीनंतर त्या वर्गात आल्या, तर भिंतीवरचा नकाशा मधोमध फाटलेला. काढताना अंजनाच्याच हातून फाटला होता. खिळ्यात अडकला आणि टर्रकन गेला. वर्गात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

बाई रागावल्या नाहीत. हसून म्हणाल्या, "हे बघा, मी कुणाला मारणार नाही. ज्याच्या हातून झालं असेल त्यानं खरं सांगावं आणि उभं राहावं."

वर्ग इकडंतिकडं बघायला लागला. अंजनाच्या शेजारची पोरगी तिला हळूच विचारत होती, "कुणी गं फाडला?"

अंजनानं खांदे उडवले, पुस्तक उघडलं आणि मान खाली घातली.